बोलता येईल इतकंच चढा

उजनी धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. बारामती शहर त्याहून जरा वर, साडेपाचशे मीटरच्या आसपास. केदारनाथचं मंदिर आहे ३,५८३ मीटरवर आणि लेह गाव साधारण ३,५०० मीटरवर. बारामती-इंदापूर भागातून चारधामला निघणाऱ्या बस, मोटारसायकलवर लडाख गाठणारी पोरं, एव्हरेस्ट बेसकॅम्पची स्वप्नं बघणारे गट या सगळ्यांना निदान तीन हजार मीटरचा फरक अंगावर घ्यायचा असतो. त्याची तयारी घरच्या घरी किती होते आणि कशी करायची, हे इथं सांगायचं आहे.

आधी स्पष्ट सांगतो : उंचीची सवय इथं होत नाही. सगळ्या महाराष्ट्रात कुठंच होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं रोज पळलात, सुट्टीच्या दिवशी सिंहगड चढलात, तर पाय आणि काळीज तयार होईल. ते हवंच. पण विरळ हवेची ओळख त्यातून होत नाही. तालमीतला गडी वर जाऊन आडवा होतो आणि साठीची मावशी सावकाश चालत पोचते, असं पुष्कळदा घडतं. गड्याला आपल्या दमावर भरवसा असतो, म्हणून तो भराभर चढतो.

इथं शिकता येईल अशी गोष्ट दुसरीच आहे. स्वतःच्या श्वासाचं माप कसं घ्यायचं, सोबत्याची अवस्था कशी ओळखायची, आणि आवाज फुटत नाही तेव्हा निरोप कसा पोचवायचा. उंचीवर माणसं दगावतात ती बहुतेकदा कुणीतरी वेळेवर बोललं नाही म्हणून किंवा बोललेलं कुणी मनावर घेतलं नाही म्हणून. त्यामुळं या शिकण्याला मी बुटांच्या खरेदीपेक्षा मोठं मानतो.

शरीर काय करतं

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, २१ टक्क्यांच्या जवळ. वर जाताना घटतो तो हवेचा दाब. समुद्रकाठच्या तुलनेत बारामतीत तो सुमारे ९४ टक्के, केदारनाथला ६५ टक्क्यांच्या आसपास, साडेपाच हजार मीटरवर निम्मा. रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्याचं मानेतल्या धमन्यांजवळच्या बारीक पेशीपुंजांना लगेच कळतं आणि श्वास वाढतो. जास्त श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं जादा अल्क लघवीवाटे काढून टाकतात, तेव्हा कुठं तो लगाम सैल होतो. म्हणून वर गेल्यावर वारंवार लघवीला लागणं हे चांगलं लक्षण समजा. यात्रेच्या बसमध्ये बायका वाटेत सोय नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. गटप्रमुखानं आधी ती सोय बघावी आणि मग पाणी प्या म्हणून सांगावं.

नव्या तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात, तितके दिवस आपल्याकडं नसतात. त्यामुळं जायच्या महिना-दोन महिने आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी असेल तर इथंच उपचार करा.

तिबेटी माणसाची गोष्ट वेगळी. ईपास-१ नावाच्या जनुकाचं एक रूप त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणात आढळतं, हे २०१० मध्ये पुढं आलं. त्यामुळं त्यांचं रक्त उंचीवर फार दाट होत नाही. हे रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आलं असावं, असं २०१४ च्या अभ्यासात दिसलं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी दुसरी वाट धरली, त्यांचं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं. आपल्याला यातला कुठलाच वारसा नाही. आपल्या हातात फक्त वेळ आहे. तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच काढायचा. लेहला विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस गावातच, तेही सावकाश. केदारनाथला हेलिकॉप्टरनं जाणाऱ्यांनी दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावं. त्रास सहसा पोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो, म्हणजे वर मुक्काम केला तर ऐन रात्री. चालत जाणाऱ्यांनी आदली रात्र सोनप्रयाग किंवा गौरीकुंडला काढावी.

असिटाझोलामाइडच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका. डॉक्टरांना भेटा, सल्फाची ॲलर्जी असेल तर सांगा, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची यादी दाखवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर नकोतच, त्या श्वास मंदावतात.

चाल कशी असावी

तुकोबांची पालखी बारामतीतून इंदापूरकडं जाते ती वाट या भागातल्या प्रत्येकाला पाठ आहे. वारकरी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतो आणि चालताना गातो. गाता येईल इतकाच वेग, हे मोजमाप कुठल्याही घड्याळापेक्षा खरं आहे. तुमच्या गटानं कण्हेरीच्या माळावर किंवा जेजुरीच्या पायऱ्यांवर हाच सराव करावा. पाठीवर पिशवी घ्यायची आणि बोलत चढायचं. वाक्य पुरं होण्याआधी श्वास घ्यावा लागला की वेग कमी. वर गेल्यावर गाणं जमणार नाही, पण एक साधं वाक्य एका दमात पुरं करता आलं पाहिजे. ते तुटत असेल तर थांबायचं. थांबूनही, बसूनही वाक्य तुटत असेल तर ती साधी धाप नाही, फुप्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता आहे. सोबत कोरडा खोकला, रात्री आडवं झाल्यावर वाढणारा दम किंवा गुलाबी फेस दिसला तर तिथून खाली उतरायचं. सकाळची वाट बघायची नाही.

रात्री तंबूत शेजाऱ्याचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग जोरात सुरू होतो, हे मात्र उंचीवर नेहमीचं आहे. त्याला घाबरून सगळ्यांना उठवू नका.

संध्याकाळची हजेरी

आपल्या लोकांची एक सवय उंचीवर घातक ठरते. ‘आपल्यामुळं बाकीच्यांचा खोळंबा नको’ म्हणून माणूस दुखणं गिळतो. सासरे जावयासमोर बोलत नाहीत, पोरं मित्रांसमोर बोलत नाहीत, बाई तर कुणासमोरच बोलत नाही. ‘बरं आहे ना?’ विचारलं की ‘हो, हो’ एवढंच उत्तर येतं.

नीरेपलीकडून, लोणंद-फलटणच्या वाटेनं जाणाऱ्या माऊलींच्या पालखीत यावर जुना उपाय आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा जमाव शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडं जातात, म्हणणं ऐकून घेतात. तक्रार करणाऱ्याला पुढं होऊन भांडावं लागत नाही आणि त्याची दखल घेतल्याशिवाय आरतीही पुढं सरकत नाही.

गटात हेच करा. जेवणाआधी सगळ्यांनी गोल बसायचं. उंचीच्या त्रासासाठी डॉक्टर जी लेक लुईस मोजणी वापरतात, तिच्यात चारच गोष्टी आहेत : डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा, चक्कर. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. गटप्रमुखानं एकेका त्रासाचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी बोटं दाखवायची. कुणाचं बघून कुणी बदलायचं नाही. डोकं दुखतंय आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर त्या माणसानं दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. तोंडानं ‘बरं आहे’ म्हणणारी मावशी दोन बोटं निमूट दाखवते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ऑक्सिमीटर असला तर ठेवा, पण लेहला पहिल्या दिवशी आकडा पंचाऐंशी ते नव्वदच्या दरम्यान दिसला म्हणून धसका घेऊ नका, आणि आकडा चांगला दिसला म्हणून डोकेदुखी खोटी ठरवू नका.

न बोलण्याची शाळा

खुणांचा सराव करायला या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा नाही. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथल्या माळरानांवर वनविभागाची गवताळ सफारी चालते. आगाऊ नोंदणी करायची, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यायचा, ठरलेली वाट सोडायची नाही. चिंकारा, लांडगा, खोकड बघायचं असेल तर तोंड मिटून बसावं लागतं. मग सोबत्याला ‘उजवीकडं, बाभळीच्या मागं’ हे कसं सांगाल? घड्याळाच्या काट्यांच्या दिशा हातानं दाखवायला शिका. संशय आला की चिंकारा पुढचा पाय आपटते आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढते. एवढ्यानं बाकीच्या सावध होतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भिगवणजवळ कुंभारगाव किंवा डिकसळला पहाटे नाव घ्या. सगळे फ्लेमिंगोमागं धावतात, तुम्ही पट्टकदंब शोधा : राखाडी हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हा पक्षी तिबेट, लडाख, मंगोलियाकडं वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. अंगावर यंत्रं लावून केलेल्या अभ्यासात तो सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. त्याचं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन घट्ट पकडतं, फुप्फुसं मोठी असतात. तरीसुद्धा तो कारण नसताना उंची राखत नाही. दरी आली की खाली उतरतो, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतो, त्यात त्याची ताकद वाचते. दिवसा उंच खिंडीपर्यंत जाऊन झोपायला खाली येण्याची ट्रेकरांची रीत वेगळ्या कारणानं आहे, पण उंचीवर विनाकारण रेंगाळू नये हे दोघांनाही लागू. नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगा आणि थवा उठेल इतकं जवळ जाऊ नका. परत आल्यावर भिगवणला चिलापीचं जेवण आहेच.

वरच्या खुणा मात्र वेगळ्या हव्यात. जाड हातमोज्यात बोटं दिसत नाहीत, म्हणून खूण पुऱ्या हाताची असावी. हात सरळ वर म्हणजे थांबा. हात आडवा ठेवून खालीवर म्हणजे हळू. दोन्ही हात छातीवर फुली म्हणजे मला त्रास होतोय. या मी सुचवलेल्या, तुम्ही तुमच्या ठरवा, पण सगळ्या गटाच्या एकच असू द्या. दोन खुणा मात्र जगभर ठरलेल्या आहेत. बचावाचं हेलिकॉप्टर वर आलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात तिरपे वर करायचे. नको असेल तर एक हात वर, एक खाली. उगाच हात हलवून टाटा करू नका.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. ओरडायला श्वास लागतो आणि वर तोच नसतो. मेंढरांमागं माळ तुडवणाऱ्या धनगराला हे कुणी शिकवावं लागत नाही, त्याची शीळ बोलण्यापेक्षा कितीतरी लांब जाते. स्पेनच्या ला गोमेरा बेटावर तर दरीच्या या काठावरून त्या काठावर अख्खी वाक्यं शिळेनं बोलतात, आणि युनेस्कोनं २००९ मध्ये त्या भाषेला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. शिट्टी प्लॅस्टिकची, आत गोळी नसलेली घ्या. थंडीत धातू ओठाला चिकटतो आणि गोळी लाळेनं गोठते. संकटाचा इशारा मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. रात्री हेच बॅटरीच्या उजेडानं.

केदारनाथच्या वाटेवरच्या दवाखान्यात मराठीतलं ‘भणाणतंय’, ‘अंधारी येतेय’, ‘जीव घाबरा होतोय’ डॉक्टरांना कळेलच असं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात हिंदीत लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा : आजार, चालू औषधं, ॲलर्जी, घरचा फोन, आणि वरच्या त्रासांची हिंदी नावं.

मेंदूला सूज येऊ लागली की माणूस झोकांड्या देतो. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगा, तोल गेला तर शंका नको. त्याबरोबर बोलणंही तपासा. बारामतीहून इंदापूरला जाताना लागणारी गावं क्रमानं विचारा : काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी. मग उलट्या क्रमानं. रोजच्या वाटेवरची गावं जो माणूस चुकवतो, चिडतो, किंवा ‘मला झोपू द्या’ म्हणतो, त्याला झोपू द्यायचं नाही आणि एकटं सोडायचं नाही. दोघांनी धरून लगेच उतरवायचं. सहसा तीनशे ते हजार मीटर उतरल्यावर फरक पडायला लागतो, पण दवाखाना गाठेपर्यंत थांबायचं नाही आणि वाटेत दर थोड्या वेळानं त्याला पुन्हा गावं विचारत राहायचं.