काळवंडलेली चांदी : जोगलटेंभीची नाणी आणि त्रिरश्मीचे दान

काही वर्षांपूर्वी एक पालक कागदाच्या पुडीत चांदीचे एक नाणे घेऊन माझ्याकडे आले. विहिरीचा गाळ काढताना ते त्यांना सापडले होते. "सर, ओळखा बरं हे कोणत्या राजाचं," असे म्हणून त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले. नाणे आरशासारखे चकचकीत होते. परंतु त्यावर ओळखण्यासारखे काहीच उरले नव्हते. घरातल्या मंडळींनी चिंचेच्या कोळाने आणि राखेने ते दोन दिवस घासले होते. कडेला दोन अक्षरांचे बुंधे तेवढे दिसत होते. ते नाणे कोणत्या राजाचे, हे मी आजही सांगू शकत नाही. स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा तो चकचकीत तुकडाच प्रथम आठवला.

चांदी काळी पडते ती मळामुळे नव्हे. हवेत गंधकयुक्त वायूंचा अल्प अंश असतो. त्याचा चांदीशी संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अत्यंत पातळ थर बसतो. आजीचे वाळे, पेटीतले पैंजण, राजाछाप रुपया या सर्वांवर हीच क्रिया घडते. आमच्या वर्गात याचा प्रयोग सोपा असतो : उकडलेल्या अंड्याचा बलक आणि चांदीचा लहान तुकडा एका झाकणाच्या डब्यात शेजारी ठेवावयाचा. तुकडा प्रथम पिवळसर होतो, मग तांबूस, पुढे निळसर आणि अखेरीस काळा. थर जसा जाड होतो, तसा रंग बदलतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की त्या थरातील चांदी नाण्याचीच असते. घासून काळेपणा काढला, म्हणजे नाण्याचा पृष्ठभागच काढला. अक्षरे पृष्ठभागावर असतात.

म्हणूनच रोमन सम्राटांची 'दिनार' नावाची चांदीची नाणी जमविणारे जाणकार जुनी काळी झाक असलेले नाणे पसंत करतात. खोलगट भागात काळेपणा साचतो, उंचवटे किंचित उजळ राहतात आणि सम्राटाचा चेहरा उठून दिसतो. अर्थात नकली नाण्यावर गंधकाचे रसायन लावून असा रंग एका दिवसात आणता येतो. तेव्हा केवळ रंगावर विसंबू नये, वजन आणि कडाही तपासाव्यात.

आता हे रोमन नाणे आपल्या गोदाकाठी कोठून आले, असे कोणी विचारील. इ.स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, ही दोन्ही नगरे येतात. तेथील माल भडोच बंदरात जाई. पैठणचे रंगीत खडे, तेरचे कापड. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी आणल्यास अदलाबदलीत नफा होतो, असेही हा लेखक नोंदवितो. तरीही दक्षिण भारतात रोमन नाण्यांचे मोठे साठे सापडतात, तसे महाराष्ट्रात सापडत नाहीत. परकी चांदी येथे वितळवून त्याच धातूची क्षत्रपांनी आपली नाणी पाडली असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

त्या क्षत्रपांच्या नाण्यांचा सर्वांत मोठा साठा 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे मिळाला. तेही गाव गोदावरीकाठचेच. सोनपेठ तालुक्याच्या कडेने वाहते तीच ही नदी. साठ्यात 13,250 हून अधिक चांदीची नाणी होती. प्रत्येकाचे वजन सुमारे दोन ग्रॅम. एका बाजूला क्षहरात राजा नहपानाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत त्याचे नाव. यांपैकी सुमारे 9,270 नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. पराभूत राजाचे चलन वितळवत बसण्यापेक्षा त्यावरच नवा शिक्का मारणे त्याला सोयीचे वाटले असावे. एका बाजूला तीन कमानींची आकृती व खाली नदीची नागमोडी रेषा, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. त्या आकृतीला काही अभ्यासक चैत्य म्हणतात, काही पर्वत. आपल्याला चैत्य म्हणणे आवडते, एवढ्यावरून तो चैत्य ठरत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. नव्या ठशाखालून नहपानाचे नाक, ओठ किंवा ग्रीक अक्षराचा एखादा कोपरा डोकावतो. दोन राजवटींचा संघर्ष दोन ग्रॅम चांदीवर वाचता येतो. पण खोलगट रेषांत साचलेला काळेपणा शाबूत असेल, तरच ही जुनी रेषा सहज डोळ्यांत भरते.

या चांदीचे पुढे काय होई, याचे उत्तर त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात कोरलेले आहे. (या लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणण्याची सवय लोकांना लागली, शिलालेखांत पांडवांचा संबंध नाही, त्यांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आहे.) नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्खुसंघाला दान दिले आणि सोबत 3,000 कहापण कायम ठेव म्हणून दिले. हे कहापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. ठेव राजकोषात ठेवलेली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे 2,000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, व्याजच वापरावयाचे.

येथे मी मुलांना पाटीवर गणित मांडावयास लावतो. 2,000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. लेखात म्हटले आहे की वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कहापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, 240. हिशेब एका कहापणानेही चुकत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे 90 वेगळ्या खर्चासाठी होते. याच उषवदाताने ब्राह्मणांनाही गायी आणि गावे दिली होती; तेही तेथे कोरलेले आहे आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु विणकरांची श्रेणी राजाच्या जावयाची ठेव सांभाळण्याइतकी विश्वासार्ह होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. आपले कष्टकरी पूर्वज इतिहासात कोठे होते, असे मुले विचारतात, तेव्हा मी त्यांना या ओळी दाखवितो. बाबासाहेबांनी कोलंबियात असताना प्राचीन भारतीय व्यापारावर लेखन केले आणि 1923 साली 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चांदीचे नाणे कोणाच्या हाती जाते आणि त्याचे मोल कोण ठरवितो, हा विषय आपल्या चळवळीला परका नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकजण आज शेती करतात, बांधकामे घेतात, रस्त्यांच्या कामावर मुकादम आहेत. खोदताना काळे, करडे किंवा हिरवट नाणे हाती आले, तर ते घासू नका. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, काहीही लावू नका. माती सुटी असेल तेवढी साध्या पाण्यात आपोआप गळू द्या, सुती कापडावर सुकवा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. नाणी एकत्र सापडली असतील तर ती विभागू नका. मडके फुटले असले तरी खापऱ्या जपा आणि ते किती खोल होते, शेजारी काय होते, ते लिहून ठेवा. सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका, कारण तो फक्त वजन पाहील. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा साठा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. तहसील कार्यालयातून ते करता येते. खाजगी व्यक्तीला जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, तर तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे, आणि नाशिककडे गेलात तर अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था अवश्य पाहा.

त्या पालकांचे नाणे मी परत दिले. त्यांनी ते पुन्हा पुडीत बांधले आणि विचारले, "आता हे पुन्हा काळं करता येईल का हो सर?" मी म्हटले, "काळं होईल. अक्षरं येणार नाहीत."