रक्तांतील जंतूची ओळख

रक्तांत जंतु शिरून विकार झाला म्हणजे रोग्याचे प्राण कित्येकदा कांहीं तासांवर अवलंबून असतात. योग्य औषधास विलंब झाला कीं मृत्यूचें भय वाढतें. म्हणून जंतु कोणता हें लवकर ओळखणें अगत्याचें असतें.

अशा रोग्याच्या एक मिलिलिटर रक्तांत जंतु पुष्कळदा बोटांवर मोजण्याइतकेच असतात. ते सूक्ष्मदर्शकाखालीं सांपडावे कसे? यासाठीं रक्त पोषक द्रवाच्या बाटलींत घालून उबेंत ठेवितात. जंतु वाढले म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायु निघतो व यंत्र तशी सूचना देतें.

येथवर जंतु आहे एवढेंच कळलें. मग बाटलींतील थेंब कांचेवर पसरून, डेन्मार्कचे डॉक्टर ग्राम यांनीं १८८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें रंगवितात. जंतु जांभळा कीं तांबडा, वाटोळा कीं दंडाकृति, हें कांहीं मिनिटांतच दिसतें. परंतु नांव कळण्यासाठीं पूर्वीं तो अगरच्या थरावर रात्रभर वाढवून पुढें रासायनिक परीक्षा कराव्या लागत.

आतां मॅल्डी-टॉफ नांवाचें यंत्र लेसर किरणांनीं जंतूंतील प्रथिनें विद्युद्भारित करून तीं नळींतून किती वेळांत धांवतात हें मोजतें. हलकीं आधीं पोहोंचतात, जड मागाहून. या नोंदीवरून जंतूची जात कांहीं मिनिटांत ठरते. मात्र बाटलींत रक्तपेशींचींही प्रथिनें असतात. तीं घोटाळा करितात. यास दोन उपाय आहेत. रक्तपेशी फोडून, द्रव वेगानें फिरवून, तळाशीं बसलेले जंतु धुऊन घ्यावे. अथवा अगरवर ४ ते ६ तासच वाढवून त्या पातळ थराची परीक्षा करावी. अनुकूल स्थितींत ई. कोलाय जंतु सुमारें २० मिनिटांनीं दुप्पट होतो. एकाचे ६ तासांत किती होतील? १८ वेळां दुप्पट करून पाहा. उत्तर २,६२,१४४ येईल. मग रात्रभर थांबण्याची गरज कां उरत नाहीं, हें ध्यानांत येईल.

तथापि बाटलींत दोन जातींचे जंतु असल्यास यंत्र एकाचेंच नांव सांगण्याचा संभव असतो. म्हणून तें उत्तर रंगविलेल्या कांचेशीं ताडून पाहावें लागतें. शिवाय नांव कळलें तरी कोणतें औषध लागू पडेल, याची परीक्षा निराळी करावीच लागते. त्वरा म्हणजे रिकामा वेळ वांचविणें. पडताळा गाळणें ही घाई होय. रोग्यास पहिलीचा लाभ होतो, दुसरीचा धोका.