पंचावाचून चालणारी स्पर्धा

गोल्फ या खेळाचे नाव आपल्या भागातील पुष्कळ मुलांनी प्रथम ऐकले ते एका बिबट्यामुळे. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव शहरात एक बिबट्या शिरला आणि तेथील गोल्फच्या मैदानावरील झाडीत दडून बसला. सभोवतालच्या शाळांना कित्येक दिवस सुट्टी द्यावी लागली. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, शोधासाठी शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू येथील छावणीतून हत्तीही आणले. परंतु बिबट्या काही हाती लागला नाही. त्या दिवसांत वर्गात एका मुलाने मला विचारले, "बाई, एवढ्या रानात खेळतात तरी काय?" लहानसा चेंडू काठीने मारीत नेऊन भोकात घालावयाचा, एवढे मी सांगितले. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता: "मग त्या रानात पंच कोठे उभा राहतो?"

पहिल्या प्रश्नाला एक वाक्य पुरले. दुसऱ्याला पुरण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम मैदान कसे असते ते पाहू. पूर्ण मैदानात अठरा 'होल' असतात. होल म्हणजे नुसते भोक नव्हे. चेंडू जेथून प्रथम मारावयाचा ती 'टी' नावाची जागा, तेथून पुढे पसरलेली कापलेल्या गवताची लांब पट्टी, बाजूचे दाट गवत व झाडे, वाटेतील वाळूचे खड्डे, आणि अखेर गालिचासारखे मऊ, बारीक गवताचे 'ग्रीन', एवढा सारा मिळून एक होल. ग्रीनमध्ये निशाण रोवलेले भोक असते, त्याचा व्यास १०८ मिलिमीटर. चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत चेंडू तेथे न्यावा याची एक संख्या प्रत्येक होलला ठरलेली असते. तिला 'पार' म्हणतात. जवळच्या होलला तीन, मध्यम अंतराच्याला चार, दूरच्याला पाच. अठरा होलांची बेरीज बहुधा बहात्तरच्या आसपास जाते. क्रिकेटमध्ये जो जास्त धावा काढील तो श्रेष्ठ. येथे जो कमी फटक्यांत येईल तो. आणि सकाळपासून दोन-दोन, तीन-तीन, चार-चार खेळाडूंच्या टोळ्या ठराविक मिनिटांच्या अंतराने निघत असल्यामुळे दुपारपर्यंत सारे मैदान त्यांनी विखुरलेले असते. प्रत्येकामागे एक पंच द्यावयाचा म्हटले तर खेळाडूंइतकेच पंच लागतील. मोठ्या स्पर्धांत नियमांचे जाणकार फिरत असतात, पण ते अडलेल्या ठिकाणी बोलावण्यासाठी. फटके मोजण्याचे काम त्यांचे नव्हे.

आपल्या देशात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानतात. मुंबईत १८४२ मध्ये आणि बेंगळुरात १८७६ मध्ये क्लब निघाले. हौशी खेळाडूंची अखिल भारतीय अजिंक्यपद-स्पर्धा कलकत्त्यास १८९२ मध्ये सुरू झाली, आणि स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये भारतीय गोल्फ संघाची स्थापना झाली. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही लोकांच्या तोंडी 'गोल्फ क्लब मैदान'च आहे. तेथे क्रिकेटचे सामने होतात. खेळ गेला, नाव राहिले.

आता क्लबाच्या वार्षिक स्पर्धेकडे वळू. प्रत्येक क्लब वर्षातून एकदा आपल्या सभासदांतील अजिंक्यवीर ठरवितो. स्पर्धा भरविणारी एक समिती असते. तारखा, प्रवेशपत्रिका, कोणी कोणाबरोबर व किती वाजता निघावयाचे याचा तक्ता, ग्रीनमधील भोकाची त्या दिवशीची जागा, मैदानाची हद्द दाखविणाऱ्या पांढऱ्या खुंट्या, स्थानिक नियमांचा कागद, ही सारी तिची कामे. खेळण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. एकीत दोन, तीन किंवा चार दिवसांचे सर्व फटके मोजून बेरीज करतात. दुसरीत दोन खेळाडू समोरासमोर येतात. प्रत्येक होल ज्याने कमी फटक्यांत पुरा केला तो त्याचा, आणि उरलेल्या होलांपेक्षा आघाडी जास्त झाली की सामना तेथेच संपतो. कित्येक क्लब दोन्हींचा मेळ घालतात: आधी फटके मोजून सोळा जण निवडावयाचे, मग त्यांच्यात बाद पद्धतीने सामने. समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्धी डोळ्यांत तेल घालून पाहत असतो, त्यामुळे तेथे फारसा प्रश्न नाही. खरा प्रश्न फटके मोजण्याच्या पद्धतीत येतो, कारण तेथे तुमचा खरा प्रतिस्पर्धी कदाचित मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतो.

तेथे सारा भार असतो तो एका जाड कागदाच्या तुकड्यावर, स्कोअरकार्डावर. त्याची ओळख मला अगदी जवळून झाली. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी मामांकडे गेले होते. मामा एका मोठ्या शहरातील गोल्फ क्लबाच्या कचेरीत हिशेबनीस होते. क्लबाची वार्षिक स्पर्धा चालू होती, बेरजा करावयास माणूस कमी होते, आणि कारवारकडची, घरात कोंकणी बोलणारी, जन्मात गोल्फची काठी हाती न धरलेली मी तीन दिवस त्या टेबलापाशी बसले.

पद्धत अशी. निघताना खेळाडू आपली कार्डे एकमेकांत बदलतात. तुमचे फटके तुमचा सोबती लिहितो, सोबत्याचे तुम्ही. या लिहिणाऱ्याला 'मार्कर' म्हणतात. अठरा होल झाले की दोघे सावलीत बसून एकेक आकडा ताडून पाहतात. मग मार्कर सही करतो, खेळाडू सही करतो, आणि कार्ड टेबलावर येते. ते एकदा हातावेगळे झाले की त्यातील आकडा बदलता येत नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. पहिल्या नऊ होलांचे ३८ आणि नंतरच्या नऊंचे ४६ यांची बेरीज मी ८३ केली, आणि फलकावर ती लागलीसुद्धा. थोड्या वेळाने तोच खेळाडू, पन्नाशीचे गृहस्थ, टेबलापाशी आले व म्हणाले, "बाई, माझे चौऱ्याऐंशी झाले आहेत, एक कमी लागला आहे." त्या एका फटक्याने ते तिसऱ्या जागेवरून चौथ्यावर गेले. मला रडू येण्याच्या बेतात होते. क्लबाचे सचिव, सैन्यातून निवृत्त झालेले, शांतपणे म्हणाले, "हे पाहा मुली, बेरीज चुकली तर चूक आपली, ती आपण केव्हाही दुरुस्त करू. होलापुढचा आकडा चुकला तर मात्र चूक खेळाडूची, आणि तिला औषध नाही."

या दुसऱ्या वाक्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. कॉलेजातला एक मुलगा फार चांगला खेळून आला होता. पाचव्या होलला त्याचे पाच फटके झाले होते; मार्करने घाईत चार लिहिले आणि दोघांच्याही नजरेतून ते सुटले. कार्ड टेबलावर आल्यानंतर त्याच्याच ध्यानात आले व तो धावत परत आला. नियम सरळ आहे: प्रत्यक्षापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर खेळाडू स्पर्धेतून बाद, जास्त आकड्यावर सही केली तर तो जास्त आकडाच कायम. मुलगा बाद झाला. त्याने लबाडी केली असे कोणीही म्हटले नाही. मला तो नियम त्या दिवशी अन्यायाचाच वाटला. खरे सांगावयाचे तर आजही थोडा वाटतो. परंतु लबाडी कोणती आणि गफलत कोणती याचा निवाडा करीत बसणारा पंचच जेथे ठेवलेला नाही, तेथे सहीला एवढे वजन दिल्यावाचून चालणार कसे, हेही कळते.

या नियमाचा तडाखा थोरांनाही बसला आहे. १९६८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ऑगस्टा येथे मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विसेन्सो अप्रतिम खेळला. तो त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. सतराव्या होलला त्याने तीन फटके घेतले, ते हजारो लोकांनी पाहिले, दूरदर्शनवर देशाने पाहिले. पण त्याचा मार्कर टॉमी आरन याने कार्डावर चार लिहिले आणि दे विसेन्सोने न तपासता सही केली. पासष्टचे सहासष्ट झाले. बरोबरी होऊन दुसऱ्या दिवशी बॉब गोल्बीबरोबर निर्णायक सामना झाला असता, तो झाला नाही. गोल्बी एका फटक्याने विजेता ठरला. दे विसेन्सोने दोष मार्करला दिला नाही, स्वतःलाच दिला.

हीच मास्टर्स स्पर्धा सुरू करणाऱ्यांपैकी बॉबी जोन्स हा जन्मभर हौशी म्हणूनच खेळला. १९२५ मध्ये अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत गवतात चेंडू मारण्याच्या तयारीत असता तो किंचित हलला. ते जोन्सवाचून कोणाला दिसले नव्हते. अधिकाऱ्यांनी विचारपूस करून निर्णय त्याच्यावरच सोपविला. जोन्सने स्वतःवर एक दंडाचा फटका लावून घेतला. अखेरीस विली मॅकफार्लेनबरोबर त्याची बरोबरी झाली आणि छत्तीस होलांच्या निर्णायक खेळात तो एका फटक्याने हरला. तो दंडाचा फटका नसता तर बरोबरी झालीच नसती.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते या खेळातील सर्वांत बुद्धिमान योजना: 'हँडिकॅप'. आपल्याकडे तालमीत जोड लावताना वस्ताद बरोबरीचे मल्ल पाहतो. विषम जोड लावली तर प्रेक्षकच ओरडतात. गोल्फमध्ये विषम खेळाडूच एकत्र खेळतात आणि विषमता कागदावर भरून काढतात. प्रत्येकाच्या मागील खेळावरून त्याला काही फटक्यांची सूट ठरते. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ फेऱ्यांवरून ही सूट काढतात व तिची कमाल मर्यादा ५४ आहे. समजा, एकाचे ८२ फटके झाले आणि त्याची सूट ८; दुसऱ्याचे ९७ झाले आणि सूट २५. सूट वजा जाता पहिल्याचे ७४ व दुसऱ्याचे ७२. एकूण फटक्यांत पहिला श्रेष्ठ, पण स्वतःच्या नेहमीच्या खेळाच्या मानाने त्या दिवशी दुसरा अधिक चांगला खेळला. म्हणून क्लबाचे अजिंक्यपद सूट न धरता देतात आणि सूट धरून वेगळा चषक ठेवतात. सुटीच्या चषकात बरोबरी झाली तर पुष्कळ ठिकाणी शेवटच्या नऊ होलांचे फटके पाहतात. तेथेही जमले नाही तर सहांचे, तिहींचे, अखेर शेवटच्या एका होलाचे.

चतुर विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेल की यात एक पळवाट आहे. वर्षभर मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवून घ्यावी आणि स्पर्धेच्या दिवशी खरा खेळ दाखवावा! अशी माणसे असतात. त्यांच्यासाठी क्लबाची हँडिकॅप समिती असते. ती आकडे तपासते, संशय आल्यास सूट कमी करते. पण तिच्या हाती कागदच असतो. साध्या दिवशीच्या खेळाचे खरे कार्ड देणे हे खेळाडूकडेच राहते. (सहामाहीत हात राखून लिहिणारे व वार्षिक परीक्षेत 'प्रगती' दाखविणारे आमच्याकडेही आढळतात.)

हौशी खेळाडूला यातून मिळते काय? फिरता चषक, आणि क्लबाच्या भिंतीवरील लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत वर्ष व नाव. सुटीच्या स्पर्धेत रोख बक्षीस घेतले तर हौशीपण जाते. हा खेळ महागडा, हेही लपविण्यात अर्थ नाही. आपल्या ऊसपट्ट्यात ज्याला पाण्याच्या एका पाळीची किंमत ठाऊक आहे त्याला शंभर-सव्वाशे एकर जमीन गवतासाठी भिजविणे खुपेल, आणि खुपावे. ज्या मुलांनी दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहिल्या त्या कॅडींना फार काळ या खेळात फक्त पाहण्याचाच अधिकार होता. तरीही १९६५ मध्ये बिल्लू सेठी या हौशी खेळाडूने इंडियन ओपन जिंकून व्यावसायिकांना मागे टाकले, आणि १९९१ मध्ये तीच स्पर्धा दिल्लीच्या अली शेरने जिंकली. तो लहानपणी कॅडी होता. आपल्या राज्यातील, बेंगळुरूची अदिती अशोक २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. तिची पिशवी तिच्या आईने वाहिली होती. चार दिवसांच्या बहात्तर होलांनंतर तिच्यात आणि पदकात अंतर होते एका फटक्याचे.

मला मात्र कार्डाची पद्धत पाहून विटीदांडू आठवला. गोव्याकडे त्याला कोयंडो-बाल म्हणतात. येथे चिकोडीकडे मुले वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजतात, ज्यात मराठीपेक्षा तेलुगू-कन्नडचेच वळण अधिक. आमच्या आळीत विटी लांब गेली की मारणारा स्वतःच दांडूंची संख्या मागे. समोरच्याला पटली तर मोजणी नाही; शंका आली तर दांडूने जमीन मोजावयाची, आणि मागितल्यापेक्षा एक दांडू जरी कमी भरला तरी मारणारा बाद. जास्त भरला तर मागितले तेवढेच पदरात. ऑगस्टाचा नियम आमच्या आळीत होताच, कागद तेवढा नव्हता.

या वर्षापासून नववीच्या शुद्धलेखनाच्या वह्या मी अशाच बदलून तपासवून घेते. आता पुढील उदाहरण सोडवा. क चे फटके ७८, सूट ५. ख चे ८४, सूट १४. ग चे ९१, सूट २०. घ चे १०२, सूट ३३. अजिंक्यपद कोणाचे? सुटीचा चषक कोणाचा? घ ला सातव्या होलवर खरोखर पाच फटके लागले होते आणि कार्डावर सहीनिशी चार आहेत, असे निघाले तर चषक कोणाकडे जाईल? आणि त्याऐवजी कार्डावर सहा असते तर? उत्तरे वहीत लिहा, वही शेजाऱ्याशी बदला, आणि तपासून झाल्यावर दोघांनीही खाली सही करा.