विकालभोजनाचा नियम आणि उतारवयातील वजन

आपल्या समाजात उपवास म्हटला की दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक, 'एकादशी, दुप्पट खाशी' या म्हणीतले, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाणे यांवर हात मारणारे. दुसरे, शरीराला छळून पुण्य जोडू पाहणारे. बौद्ध उपासकाचा उपोसथ या दोन्हींहून वेगळा आहे. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन अष्टमी या दिवशी उपासक अष्टशील ग्रहण करतो. त्यातील सहावे शील म्हणजे विकालभोजनापासून अलिप्त राहणे, म्हणजेच मध्यान्ह टळल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत अन्न न घेणे होय.

गेल्या काही वर्षांत याच्याशी मिळताजुळता एक प्रकार 'इंटरमिटंट फास्टिंग' या नावाने घरोघरी पोहोचला आहे. आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी साठी ओलांडलेले कितीतरी जण वजन कमी करण्यासाठी तो करून पाहतात. काहीजण तर "भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी हेच सांगितले" असे म्हणून अष्टशील आणि वजन यांची सरळ गाठ घालतात. मीही तसे म्हणणाऱ्यांपैकी एक होतो. त्यात माझी कोठे चूक झाली हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी बँकेतील एक कारकून व कला शाखेचा पदवीधर. वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्रिपिटकातील संबंधित सुत्ते व अलीकडच्या संशोधनाचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून वाचले असता जे दिसले, ते आपल्यापुढे मांडतो.

१. नियम कसा आला?

विकालभोजनाचा नियम एका दिवसात आला नाही. मज्झिम निकायातील लटुकिकोपम सुत्तात भदंत उदायी जुनी आठवण सांगतात. पूर्वी भिक्खू सकाळी, दुपारी व रात्रीही भोजन करीत. भगवंतांनी प्रथम दुपारचे अवेळी भोजन सोडावयास सांगितले. काही काळाने रात्रीचे भोजन सोडावयास सांगितले. उदायी प्रामाणिकपणे कबूल करतात की त्यांना वाईट वाटले, कारण गृहस्थांच्या घरी चांगलेचुंगले रात्रीच शिजत असे. आपल्या घरांतही आज काही वेगळे नाही! अंधारात भिक्षेला निघालेला भिक्खू कधी डबक्यात पडे, कधी काटेरी कुंपणात अडके, तर कधी झोपलेल्या गाईवर आदळे, असेही ते सांगतात. म्हणजे या नियमामागे व्यवहार होता आणि तो टप्प्याटप्प्याने लागू झाला.

त्याच निकायातील कीटागिरी सुत्तात भगवान बुद्ध स्वतःचा अनुभव सांगतात. रात्रीचे भोजन वर्ज्य केल्याने आजार कमी, अंग हलके व शरीरात बळ राहते, असा त्याचा आशय आहे. येथे 'बळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसते हलके होणे हे उद्दिष्ट नव्हते.

याहून महत्त्वाचा प्रसंग विनयपिटकाच्या महावग्गात येतो. श्रावस्तीमध्ये शरद ऋतूतील आजाराने काही भिक्खू कृश झाले, निस्तेज झाले, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. भगवंतांनी त्यांना तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे योग्य वेळी घेण्याची मुभा दिली. तरीही ते अधिकच खंगत गेले. तेव्हा ही औषधे अवेळीसुद्धा घेण्यास परवानगी देण्यात आली. ज्याने नियम घालून दिला, त्यानेच शरीर झिजताना पाहून तो सैल केला. ज्याने सहा वर्षांच्या कठोर तपश्चर्येनंतर देहदंड टाकून दिला व सुजातेची खीर स्वीकारली, त्या शास्त्याला हे शोभून दिसते.

२. कोसलराजा प्रसेनजित

वजनाचा प्रश्न मात्र त्रिपिटकात वेळेच्या नियमातून नव्हे, तर मात्रेच्या उपदेशातून सुटला आहे. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलचा राजा प्रसेनजित (पसेनदी) द्रोणभर तांदळाचा भात खाऊन, धापा टाकीत भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला उपाशी राहा असे सांगत नाहीत, वेळेचे बंधनही घालीत नाहीत. ते एक छोटीशी गाथा म्हणतात. जेवताना सावध राहून मात्रा ओळखणाऱ्याचे दुखणे उणावते आणि वार्धक्य सावकाश येते, असा तिचा मथितार्थ आहे.

राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करावयास सांगितली आणि रोज जेवणाच्या वेळी ती ऐकविण्यासाठी दररोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार द्रोणावरून एका नाळीवर आला. नाळी हे द्रोणाहून पुष्कळच लहान माप होय. अंग सडसडीत झाल्यावर राजाला भगवंतांच्या करुणेची आठवण झाली. हाच राजा धम्मचेतिय सुत्तात, भगवंतही ऐंशी वर्षांचे व मीही ऐंशी वर्षांचा, असे म्हणताना आढळतो.

या कथेत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात : जेवताना सावधपणा, हळूहळू घट आणि आठवण करून देणारा सोबती. घड्याळाचा त्यात उल्लेख नाही.

३. आजचे संशोधन काय सांगते?

आज प्रचारात असलेले प्रकार मुख्यतः तीन. पहिला १६:८, म्हणजे सोळा तास पोट रिकामे ठेवून आठ तासांत खाणे. दुसरा ५:२, म्हणजे आठवड्यातील दोन दिवस अगदी कमी खाणे. हा ब्रिटनमध्ये डॉ. मायकेल मोस्ले यांनी २०१२ पासून लोकप्रिय केला. तिसरा एक दिवसाआड उपवासाचा. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, दिवसातून दोनच वेळा व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवली. अष्टशीलाचा दिवस पाहिला तर दुपारी १२ ते सकाळी ६ असे सुमारे १८ तास होतात. कालावधीने तो या पद्धतींच्या जवळ जातो.

यामागील तर्क असा. जेवणानंतर शरीर साखर वापरते व शिल्लक यकृतात साठवते. बराच वेळ अन्न न मिळाल्यास हा साठा उतरत जातो आणि शरीर चरबीकडे वळते. तर्क बरोबर आहे. परंतु वजन त्यामुळे अधिक उतरते काय?

२०२० साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी ११६ जणांवर बारा आठवडे प्रयोग केला. एका गटाने फक्त दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत खावयाचे होते, मात्रेचे बंधन नव्हते. त्या गटाचे वजन सरासरी एक किलोही उतरले नाही आणि दिवसातून तीनदा जेवणाऱ्या गटापेक्षा त्यात लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय ज्यांची सविस्तर तपासणी झाली, त्यांच्या हातापायांतील चरबीविरहित वजन, ज्यात स्नायू प्रमुख असतात, ते घटलेले दिसले. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना आहाराचे सारखेच माप दिले होते. एका गटाने ते सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत घ्यायचे होते. वर्षअखेर वेळेच्या बंधनाचा गट ८ किलोंनी व दुसरा ६.३ किलोंनी उतरला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर, काउंटरची वेळ कमी केली, पण तेवढ्याच वेळात रक्कम तितकीच जमा झाली, तर शिल्लक बदलत नाही. वेळ पाळल्याने ज्याचे रात्रीचे फरसाण, चहा-बिस्किटे व दुसरी वाढ सुटते, त्याचे वजन उतरते. ते मात्रा घटल्यामुळे उतरते. म्हणजे निर्णायक गोष्ट प्रसेनजिताचीच.

४. आमच्या घरातील अनुभव

आमचे काका ६८ वर्षांचे. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, गुडघे दुखतात, मधुमेहाची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू. एका वर्षावासात मी त्यांना म्हणालो, "काका, अष्टशील नुसते पौर्णिमेला कशाला? रोज दुपारनंतर जेवण बंद करा, गुडघेही सुटतील." काकांचा माझ्या वाचनावर विश्वास. त्यांनी निष्ठेने सुरुवात केली. तीन महिन्यांत वजन ६८ वर आले. मी ज्याला-त्याला हे सांगत सुटलो.

काकू मात्र म्हणत, "अरे, हे जिना चढताना कठड्याला धरून चढतात, पूर्वी असे नव्हते." मी ते मनावर घेतले नाही. एके रात्री दोनच्या सुमारास काकूंना जाग आली, तेव्हा काका घामाने चिंब भिजलेले, हात थरथरत होते व बोलणे असंबद्ध येत होते. मला हाक मारली. साखर तपासली तर ५२. साखरेचे पाणी पाजल्यावर ते सावध झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "जेवण बंद केलेत, गोळी कमी केलीत का?" संध्याकाळची गोळी जशीच्या तशी चालू होती. जेवण नाही आणि साखर उतरविणारे औषध मात्र आहे, हा सरळ हिशोब मला तीन महिने सुचला नाही. चिठ्ठीवर एका आकड्याची चूक झाली तर मी ग्राहकाला परत पाठवतो, येथे मात्र घरच्या माणसाच्या औषधाकडे पाहिले नाही.

काका बरे झाल्यावर हसून एवढेच म्हणाले, "बाळा, भगवंतांनी आजाऱ्याला सवलत दिली होती, तेवढे पान तू मला वाचून दाखवले नाहीस." हे वाक्य मी विसरू शकत नाही.

५. उतारवयात काय सांभाळावे?

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात व साठीनंतर ती घट वेग घेते. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर काही स्नायूही जातात. तरुणाला ते व्यायामाने लवकर भरून काढता येतात, वृद्धाला ते जड जाते. पाय कमजोर झाले की पडण्याचा व हाड मोडण्याचा धोका वाढतो. काकूंना कठड्यावरचा हात दिसला तो हाच. यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) प्रथम वजन कमी करण्याची गरज आहे का ते पाहावे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त व २५ पासून स्थूलता धरली जाते. १६० सेंटिमीटर उंचीला ५९ किलोच्या आसपास पहिली व ६४ किलोला दुसरी रेषा येते. पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. सडपातळ किंवा आपोआप वजन उतरत असलेल्या वृद्धाने उपवास करू नये, तपासणी करून घ्यावी.

(आ) मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड वा हृदयाची औषधे चालू असतील तर जेवणाची वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन व काही गोळ्यांनी रिकाम्या पोटी साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, धडधड, गोंधळ ही लक्षणे दिसल्यास व माणूस शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, तत्काळ दवाखान्यात न्यावे. अशा वेळी शील मोडले अशी खंत बाळगू नये.

(इ) प्रथिने कमी पडू देऊ नयेत. निरोगी वृद्धाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात असे तज्ज्ञ मानतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. डाळ, हरभरे, मटकी, दही, मासळी, सुकट ही आपल्या स्वयंपाकघरातलीच साधने आहेत. भाताचा ढीग उतरवावा, वाटीतील डाळ घट्ट करावी.

(ई) रोज चालावे व खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा व्यायाम जमेल तितका करावा. पाणी पुरेसे प्यावे. विनयातही दुपारनंतर भिक्खूंना फळांच्या पेयांची मुभा आहे.

(उ) टप्प्याने जावे. प्रथम रात्रीचे जेवण सातच्या आत आणावे, मग रात्रीचे अवांतर खाणे सोडावे. बारा तास पोटाला विश्रांती मिळाली तरी सुरुवातीस पुरे. महिन्याला एक-दोन किलोंहून अधिक घाई करू नये.

(ऊ) घरातील एखाद्या मुलाने वा सुनेने सुदस्सनाचे काम करावे. त्याने टोकू नये, आठवण द्यावी आणि काकूंप्रमाणे जिन्यावरही लक्ष ठेवावे.

समारोप

अष्टशील हे चित्ताच्या संयमासाठी आहे, वजनकाट्यासाठी नाही. उपोसथाला ते श्रद्धेने पाळावे, पण आजारी माणसाला त्याचे ओझे होऊ देऊ नये. वजनासाठी भगवंतांनी राजाला दिलेला मार्ग मात्रेचा आहे, आणि आजचे संशोधनही फिरून तेथेच येते. वेळ, मात्रा आणि शरीराची अवस्था या तिन्हींचा विचार म्हणजेच ताटातला मध्यम मार्ग. आमचे काका आता दुपारी पोटभर व संध्याकाळी साडेसहाला डाळ, भाजी व एक भाकरी घेतात, गोळीचे प्रमाण डॉक्टरांनी बदलून दिले आहे. वजन ७० वर स्थिर आहे आणि जिना ते कठडा न धरता चढतात. पौर्णिमेचे अष्टशीलही चालू आहे, मात्र त्या दिवशीच्या गोळीचे आधी विचारून.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) रात्रीच्या भोजनाचा नियम टप्प्याने का लागू झाला असावा?
२) आजारी भिक्खूंना दिलेल्या सवलतीतून भगवंतांची कोणती दृष्टी दिसते?
३) प्रसेनजिताच्या आहारात घट कशामुळे झाली? वेळेमुळे की मात्रेमुळे?
४) आपल्या घरातील वृद्धांची औषधे व जेवणाच्या वेळा एका कागदावर लिहून काढा व तो कागद त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

चौथा प्रश्न सोडविल्याशिवाय पहिल्या तिन्हींना गुण नाहीत, एवढे सांगून लेख संपवितो.

भवतु सब्ब मंगलं.