बंदुकीऐवजी वही

न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी, उंच इमारतींच्या गराड्यात, सेंट्रल पार्क नावाचे 843 एकरांचे उद्यान आहे. दूरदेशी जाणारे असंख्य पक्षी तेथे विसाव्यास उतरतात.

पूर्वी अमेरिकेत नाताळच्या दिवशी एक क्रूर खेळ चालत असे. दोन पक्ष करून माणसे रानात शिरत आणि दिसेल तो पशुपक्षी टिपीत. ज्यांचा ढीग मोठा, त्यांचा विजय! फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने त्याऐवजी एक साधी युक्ती सुचविली : पक्षी मारू नयेत, मोजावेत. 25 डिसेंबर 1900 रोजी 27 जणांनी ती अमलात आणली. सेंट्रल पार्कातही त्या दिवशी गणना झाली.

ती प्रथा आजही चालू आहे. दर डिसेंबरात स्वयंसेवक कडाक्याच्या थंडीत तेथे जमतात. त्यांस वेतन मिळत नाही, की बक्षीस. दुर्बीण, वही आणि पेन्सिल एवढीच त्यांची सामग्री. उद्यानाचे भाग वाटून घेऊन प्रत्येक तुकडी आपल्या भागातील साधी चिमणीसुद्धा नोंदवते. (उडता थवा मोजणे मात्र मोठे कठीण!) एके काळी आभाळ झाकून टाकणारे अमेरिकेतील प्रवासी कबुतर 1914 साली कायमचे नाहीसे झाले. वर्षानुवर्षांच्या या नोंदींमुळे कोणता पक्षी घटत चालला आहे, हे आता वेळीच कळते. शेवटी साऱ्या तुकड्या एकत्र बसतात, एकेका पक्ष्याचे नाव पुकारले जाते आणि आकड्यांची बेरीज होते.