शेळ्या घेण्याआधी घर वाचा: पाच भांडवलं आणि वर्षाचं कॅलेंडर



या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये आपण प्रोजेक्ट रिपोर्टमधले आकडे कसे भरायचे ते पाहिलं. आजचा लेख त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. गावात एखादा व्यवसाय उभा करायचा, तो तुमचा स्वतःचा असो, बचत गटाचा असो किंवा एखाद्या संस्थेच्या मदतीचा, तर आकड्यांच्या आधी काय बघायचं? वही-पेन घेऊन बसा. शेवटी एक गृहपाठ आहे, तो केलात तरच हा लेख कामाचा.

ही पद्धत आली कुठून?

1992 साली रॉबर्ट चेंबर्स आणि गॉर्डन कॉनवे या दोन अभ्यासकांनी 'शाश्वत उपजीविका' ही कल्पना नीट मांडली. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं: कुटुंबाची उपजीविका म्हणजे फक्त पगार किंवा नफा नसतो. घरातल्या माणसांची कुवत, त्यांच्याकडची साधनं आणि ते करत असलेली सगळी कामं मिळून ती बनते. संकट आलं तरी जी तग धरते, पुन्हा उभी राहते आणि तसं करताना जमीन-पाणी-जंगल संपवत नाही, ती शाश्वत. पुढे 1999 पासून ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने याची मार्गदर्शक पत्रकं काढली आणि जगभरातले ग्रामीण प्रकल्प या चौकटीत आखले जाऊ लागले.

आपल्याला पुस्तकी चौकट पाठ करायची नाही. त्यातले तीन प्रश्न उचलायचे आहेत:

1. या घराकडे आज काय काय आहे?
2. वर्षभरात या घराला धक्के कधी आणि कुठून बसतात?
3. गावाचे, बाजाराचे आणि बँकेचे नियम काय आहेत?

या तीन उत्तरांवरून व्यवसाय ठरवायचा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी 'शेळीपालन करू' असं ठरतं, मग घराला त्यात बसवायची ओढाताण सुरू होते.

उदाहरण घेऊ

बीड जिल्ह्यातलं एक कोरडवाहू गाव डोळ्यासमोर आणा. दहा महिलांचा बचत गट आहे. बँकेचं कर्ज मंजूर होतंय. ठराव असा: प्रत्येकीला पाच, म्हणजे एकूण 50 उस्मानाबादी शेळ्या, एकच मोठं शेड आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून. हे उदाहरण समजण्यासाठी घेतलंय, पण असे ठराव तुम्ही पाहिले असतीलच.

कागदावर सगळं छान दिसतं. उस्मानाबादी शेळी काटक, जुळी पिल्लं देणारी, याच भागातली. मग अडचण कुठे? आता घर वाचू.

पहिला प्रश्न: पाच भांडवलं

वहीत पाच रकाने आखा.

मानवी भांडवल. म्हणजे माणसं, त्यांचं आरोग्य, कौशल्य आणि मोकळा वेळ. इथे एक प्रश्न नक्की विचारा: फॉर्मवर नाव कोणाचं आणि शेळीमागे प्रत्यक्ष फिरणार कोण? बीडमधली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव रिकामं होऊ लागतं आणि मार्च-एप्रिलकडे माणसं परततात. त्या पाच-सहा महिन्यांत बऱ्याच घरांत म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलंच असतात. मग प्रशिक्षण सुनेला देऊन काय उपयोग? ते सासूबाईंना द्यायला हवं. पाच शेळ्या आणि त्यांची पिल्लं सांभाळणं त्यांना झेपेल का, हेही त्यांनाच विचारायला हवं.

सामाजिक भांडवल. म्हणजे नाती, विश्वास, गट. तुमच्या गटाची पंचसूत्री चालू आहे का? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाच्या वह्या. ही पाच कामं सुरळीत नसतील तर 50 शेळ्यांचं एकत्र शेड काढू नका. रात्री शेडवर कोण झोपणार यावरूनच पहिलं भांडण होईल. प्रत्येकीच्या दारात दोन-दोन शेळ्या आणि खरेदी-विक्री, लस, चारा मात्र गटाने, ही रचना अशा गटाला जास्त मानवते.

नैसर्गिक भांडवल. जमीन, पाणी, चराई, झाडपाला. आता गणित करा. 30 किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो कोरड्या वजनाचा चारा लागतो. एप्रिल ते जूनचा मध्य म्हणजे 75 दिवस. त्या काळात चराई काहीच मिळाली नाही असं धरा.

50 शेळ्या × 75 दिवस × 1 किलो = 3,750 किलो, म्हणजे साडेसदतीस क्विंटल.
20 शेळ्या × 75 दिवस × 1 किलो = 1,500 किलो, म्हणजे 15 क्विंटल.

पिल्लांचं वेगळं. एवढा कडबा आणि भुसकट तुमच्या गावात आहे का? तो ठेवायला कोरडी जागा आहे का? या एका गणितावर कितीतरी शेळीप्रकल्पांचा आकार ठरायला हवा.

भौतिक भांडवल. शेड, रस्ता, वीज, पाण्याची टाकी, जनावरांचा दवाखाना किती लांब. आणि एक छोटी वस्तू, टांगता वजनकाटा. शेळी-बोकडाचा सौदा अनेकदा नजरेवर होतो आणि नजर व्यापाऱ्याची पक्की असते. गटाकडे स्वतःचा काटा असेल तर भावाची बोलणी किलोवर येतात.

आर्थिक भांडवल. बचत, कर्ज, दागिने, आणि अंगावरची देणीसुद्धा. मुकादमाकडून घेतलेली उचल इथेच लिहा. उचल म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आधीच घेऊन खर्च केलेली. हा आकडा लिहिला नाही तर घराची परतफेडीची खरी ताकद कळणारच नाही.

दुसरा प्रश्न: धक्के आणि कॅलेंडर

आता बारा महिन्यांचे बारा चौकोन काढा. प्रत्येकात चार गोष्टी लिहा: घरी कोण आहे, चारा आहे का, रोख कुठून येते, आजारपण कशाचं येतं.

हे कॅलेंडर भरलं की मूळ ठरावातली गडबड दिसू लागते. बघा:

- साधी शेळी घेतली, महिन्याभरात लागली, पाच महिन्यांनी व्याली आणि पिल्लू सातव्या महिन्यात विकलं, तर पहिला पैसा हातात यायला 1 + 5 + 7 = 13 महिने. हप्ता मात्र दुसऱ्या महिन्यापासून. मधले बारा महिने हप्ता कशातून भरणार?
- 'बकरी ईदला चांगला भाव मिळेल' हे वाक्य हमखास ऐकू येतं. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं. सात महिन्यांचं पिल्लू त्या बाजारात बसत नाही. शिवाय ईद दरवर्षी साधारण 11 दिवस आधी येते. म्हणजे यंदाचं कॅलेंडर पाच वर्षांनी जवळपास दोन महिने सरकलेलं असेल.
- पावसाळ्याच्या तोंडावर रोगराई वाढते. आंत्रविषाराची लस त्याआधी टोचून झालेली हवी. पीपीआरचं लसीकरण झालंय का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हप्ता थकला की घर काय करतं? शेळी विकतं. तीही चाऱ्याच्या टंचाईत, म्हणजे पडत्या भावात. तरीही कर्ज उरलं तर? पुढच्या हंगामासाठी मुकादमाकडून जास्त उचल घेतं. म्हणजे फसलेल्या व्यवसायाची भरपाई ती नवरा-बायको पुढच्या वर्षी फडात राबून करतात आणि कधी कधी पोरांची शाळाही त्यात सुटते. शहरातलं दुकान बुडालं तर भांडवल जातं. इथे पुढचं वर्षच गहाण पडतं. म्हणून गरीब घरासाठी योजना आखताना 'नफा किती' याच्या आधी 'बिघडलं तर हे घर किती खाली जाईल' हे विचारायचं.

तिसरा प्रश्न: नियम

गावात चराईबंदी आहे का? हिवरे बाजारसारख्या गावांनी पाणलोटाचं काम टिकवण्यासाठी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. तुमच्या गावातही तसा ठराव असेल तर शेळ्या बांधूनच पोसाव्या लागतील आणि वरचं चाऱ्याचं गणित 75 दिवसांचं न राहता वर्षभराचं होईल. गायरान कोणाच्या वापरात आहे? विम्यासाठी कानात बिल्ला मारलाय का? बिल्ला नसेल तर शेळी मेल्यावर दावा अडकतो. तुमच्या भागात उमेद अभियानाची पशुसखी असेल तर तिला खरेदीच्या आधीच सोबत घ्या, शेळी आजारी पडल्यावर नको.

मग ठराव कसा बदलेल?

तोच गट, तीच शेळी, पण रचना अशी:

1. पन्नासऐवजी 20 शेळ्या. प्रत्येकीच्या दारात दोन. पहिल्या वर्षी तग धरली तर दुसऱ्या वर्षी घरच्याच पिल्लांमधून वाढवायच्या.
2. ऑगस्टमध्ये, हिरवा पाला असताना, सुमारे तीन महिन्यांच्या गाभण शेळ्या घ्यायच्या. ऑक्टोबरच्या आसपास व्याल्या की मे महिन्यात पिल्लं सात महिन्यांची होतात. विक्री नवव्या महिन्यात, चारा संपायच्या आत आणि घरची माणसं परत आलेली असताना.
3. बँकेकडे हप्त्याला सुरुवातीची मुदत मागायची. हे कॅलेंडरच बँकेत न्या. 'साहेब, पैसे नवव्या महिन्यात येणार आहेत, हे बघा का ते' असं कागद दाखवून बोलणाऱ्या गटाचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त.
4. कर्जातला किंवा बचतीतला काही भाग चाऱ्यासाठी बाजूला ठेवायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते, तेव्हाच कडबा आणि हरभऱ्याचं भुसकट भरायचं. बांधावर शेवरी, सुबाभूळ आत्ताच लावायची.
5. प्रशिक्षण हिवाळ्यात घरी राहणाऱ्या माणसाला, गावातच, आणि गाव रिकामं व्हायच्या आधी.

यात नवं तंत्रज्ञान काही नाही. फक्त व्यवसाय घराच्या मापाचा बेतला.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते का?

आपल्या शेजारचंच उदाहरण बघा. 'बाएफ' या संस्थेने 1982 साली दक्षिण गुजरातमधल्या वासदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी 'वाडी' सुरू केली. साधारण एकरभर जागेत आंबा-काजूची कलमं. पण आंब्याला उत्पन्न द्यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर घर काय खाणार? म्हणून झाडांच्या मधल्या जागेत धान्य-भाजीची आंतरपिकं आणि कडेने जळण, चारा आणि लाकूड देणारी झाडं. सोबत पाण्याची सोय, आरोग्याचं काम आणि महिलांचे गट. म्हणजे पाचही भांडवलांना हात घातला आणि मधल्या भुकेच्या वर्षांचा विचार आधीच केला. पुढे आपल्या जव्हार भागातही वाड्या उभ्या राहिल्या आणि 2003-04 मध्ये नाबार्डने याच धर्तीवर आदिवासी विकास निधी सुरू केला. नुसती कलमं वाटली असती तर त्यातली किती जगली असती, विचार करा.

यश मोजायचं कशाने?

वर्षाअखेरीला गटाच्या बैठकीत नफ्याच्या आकड्यासोबत हे चार प्रश्न विचारा:

- यंदा उचल कमी घ्यावी लागली का?
- आजारपणात शेळी विकावी लागली की बचतीतून भागलं?
- पोरं शाळेत टिकली का?
- बांधावरची झाडं वाढली की शेळ्यांनी संपवली?

पहिल्या वर्षी नफा थोडा दिसला, पण या चारांतली तीन उत्तरं चांगली आली, तर प्रकल्प योग्य वाटेवर आहे. नफा दिसतोय पण उचल वाढली, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय शेळ्या वाढवू नका.

तुमचा गृहपाठ

व्यवसाय कोणताही असो, पापड, गिरणी, कुक्कुटपालन किंवा शिवणकाम, या आठवड्यात दोन पानं भरा. एका पानावर पाच रकाने, दुसऱ्यावर बारा चौकोन. एकट्याने भरू नका. घरातली सगळ्यात मोठी बाई आणि सगळ्यात जास्त राबणारं माणूस शेजारी बसवा. कोणत्या महिन्यात हात रिकामे असतात आणि कोणत्या महिन्यात डबे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. ज्या चौकोनात रोख नाही आणि माणूसही नाही, त्यावर लाल गोल करा. त्या महिन्यात तुमच्या व्यवसायाचा एकही हप्ता किंवा मोठा खर्च येता कामा नये.

पुढच्या व्हिडिओमध्ये याच दोन पानांवरून बँकेला द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट तयार करू. पानं भरून तयार ठेवा. भेटू पुढच्या भागात.