एवढ्या काचा, मग भिंत कुठे आहे?

प्रश्न : ‘हॅरी पॉटर’च्या शेवटच्या चित्रपटांत मालफॉय कुटुंबाचा दगडी वाडा दिसतो. असं घर खरंच आहे का? असेल, तर जेमतेम भिंती असताना ते उभं कसं राहिलं? आणि खिडक्यांवर कर घेणाऱ्या देशात एवढ्या खिडक्या परवडल्या कुणाला? — एक वाचक, सांगली

उत्तर : घर अगदी खरं आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात एका टेकडीच्या माथ्यावर असलेलं हे हार्डविक हॉल. पडद्यावर त्याला भेसूर करून टाकलंय. प्रत्यक्षात मावळतीचं ऊन पडलं की त्याची पश्चिमेची बाजू झळाळून उठते.

कराची शंका आधी संपवू. इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर आला 1696 मध्ये आणि गेला 1851 मध्ये. हार्डविकचा पाया पडला 1590 मध्ये, कराच्या शंभर वर्षं आधी. तेव्हा खरी अडचण काचेच्या किमतीची होती. बेस ऑफ हार्डविक म्हणजे श्रूज्बरीची काउंटेस एलिझाबेथ हिने मात्र त्यावरही तोड काढली. चार लग्नं करून चारही नवऱ्यांच्या मागे उरलेली, साठी ओलांडलेली, पैशापैशाचा हिशेब ठेवणारी ही बाई. दगड टेकडीच्या उतारावरच निघाला, तावदानं बसवायला लागणारं शिसं डर्बीशायरच्याच खाणींतलं आणि काच तिच्या स्वतःच्या कारखान्यातली. मोठी सलग काच करणं तेव्हा जमत नसे. त्यामुळे प्रत्येक खिडकी म्हणजे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान तावदानांची जाळीच आहे.

आता भिंतींकडे वळू. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. मुळात हा पाथरवट. लाँगलीटच्या प्रासादावर दगडकाम केलेला, नंतर वोलटन हॉल उभारलेला. दगड किती भार सोसतो हे त्याला हाताने ठाऊक होतं. शेकोट्या आणि त्यांची धुराडी बाहेरच्या भिंतीत घेतली, की तेवढी भिंत भरीव ठेवावी लागते. स्मिथसनने ती घराच्या पोटातल्या जाड भिंतींत नेली आणि बाहेरची बाजू खिडक्यांसाठी मोकळी केली. शिवाय सहा मनोरे आहेत. ते नुसते डौलासाठी नाहीत. त्यांच्यामुळे बाहेरची भिंत ठिकठिकाणी काटकोनात वळते. सपाट कागद उभा राहत नाही, घड्या घातल्या की राहतो, तसंच हे. आणि काचांच्या मधले दगडी दांडे नीट पाहा. खिडकी दिसायला मोठी असली, तरी ती या उभ्या-आडव्या दगडांनी बारीक खणांत वाटलेली आहे.

गंमत म्हणजे सगळ्या खिडक्या खऱ्याही नाहीत. दर्शनी बाजू डावी-उजवी तंतोतंत जुळली पाहिजे, हा तेव्हाचा हट्ट. त्यापायी काही तावदानांच्या मागे खोली नाही, नुसती भिंत किंवा धुराडं आहे. मला तर हा लबाडीचा भाग फार आवडतो.

पण माझ्या मते स्मिथसनचं धाडस खिडक्यांत नाही, मधल्या दिवाणखान्यात आहे. जुन्या इंग्लिश घरात हा मोठा दिवाणखाना दर्शनी भिंतीला समांतर असे आणि आत शिरायचं त्याच्या एका टोकाने. इथे तो आडवा फिरवून घराच्या आरपार नेलाय. दार बरोबर मध्यावर आलं आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचा हट्ट बाहेरून आतपर्यंत पुरा झाला. वर जाल तशी मजल्यांची उंची आणि खिडक्या वाढत जातात, कारण मानही तसाच वाढतो. तळमजला नोकरचाकरांचा, पहिला घरच्यांचा, दुसरा राणीसाठी राखलेला. त्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे 160 फूट लांबीची गॅलरी आहे. राणी एलिझाबेथ मात्र तिथे कधीच आली नाही. (स्कॉट्सची राणी मेरी इथे कैदेत होती, हीसुद्धा दंतकथाच. बेसचा नवरा वर्षानुवर्षं तिचा पहारेकरी होता हे खरं, पण तिचा शिरच्छेद 1587 मध्ये झाला, तेव्हा या घराचा पायाही पडला नव्हता.)

बेस 1597 मध्ये राहायला आली. छताच्या वर उठलेल्या मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने आपली ‘ई’ आणि ‘एस’ ही आद्याक्षरं मुकुटासकट दगडात कोरून बसवली. ती मैलभरावरूनही वाचता येतात. विनय हा तिचा गुण नव्हता.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या घरातली थंडी भयंकर. टेकडीचा माथा, भन्नाट वारा आणि एकपदरी काच. 1601 मध्ये केलेल्या घरसामानाच्या यादीत बेसच्या निजायच्या खोलीत खिडक्यांवर आणि दारांवर टांगायची जाड पांघरुणं नोंदलेली आहेत. भिंतींवरचे विणलेले चित्रपटही ऊब धरण्याच्या कामाचे. लांब गॅलरीतला गिडियनच्या कथेचा 13 पटांचा संच तिने 1592 मध्ये विकत घेतला. तो आधी सर ख्रिस्तोफर हॅटनचा होता आणि त्यावर हॅटन घराण्याची चिन्हं होती. ती झाकायचा खर्च म्हणून बेसने किमतीतून 5 पौंड कापून घेतले. मग हॅटनच्या चिन्हातल्या हरिणीला शिंगं रंगवली. तेवढ्यावर तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या, कॅव्हेंडिश घराण्याच्या चिन्हातला काळवीट तयार झाला.